बाटली, बरणी, डबा आणि कॅन: पावसाळ्यात टिकणाऱ्या लेबलांच्या प्रकल्प नोंदी

कामाची चौकट: बेळगाव-खानापूर पट्ट्यातलं छोटं अन्नप्रक्रिया युनिट. माल चार प्रकारचा: काचेच्या बाटलीत ५०० ग्रॅम काकवी, पेट (पॉलिस्टर प्लॅस्टिक) बरणीत ४०० ग्रॅम लोणचं (कैरी आणि संकेश्वरी मिरची), पीपी (पॉलिप्रॉपिलीन) डब्यात २५० ग्रॅम कुंदा (खव्याची मिठाई), आणि हॉटेलांसाठी २० लिटरच्या एचडीपीई (जास्त घनतेचं पॉलिथिलीन) कॅनमध्ये काकवी. आजवर चारही ठिकाणी एकच स्टिकर चालत होता: ८० जीएसएम (चौरस मीटरला ८० ग्रॅम) क्रोमो म्हणजे एका बाजूने चकचकीत कागद, हॉटमेल्ट म्हणजे वितळवून लावलेला गम, छपाईवर कसलंही आवरण नाही. जून ते सप्टेंबर त्याची दैना होते. पुढच्या पावसाळ्याची वाट न पाहता याच मोसमात नवं साहित्य पारखून पक्कं करायचं आहे.

१२ मे

दुकानांतून परत आलेला माल टेबलावर मांडून दोष वेगवेगळे केले. ‘लेबल निघतं’ एवढ्या तक्रारीवरून काहीच ठरवता येत नाही. कुठून निघालं आणि गम कुठे राहिला हे बघावं लागतं.

काकवीच्या बाटलीवर गम काचेलाच चिकटलेला, वरचा कागद मात्र भिजून सोलून गेलेला. म्हणजे गमाने काम केलं, कागद हरला. कागदाच्या कडेला काळी बुरशी. बाहेर ओघळलेल्या काकवीतली साखर हवेतलं पाणी ओढते, कागद ते शोषतो, आणि बुरशीला आयतं खाद्य मिळतं.

कॅनवर उलट प्रकार. लेबल अख्खं, कोरडं, नखाने एका फटक्यात सुटणारं. गम सगळा लेबलाच्या पाठीला, कॅनवर मागमूस नाही. इथे कागद बदलून काडीचा फरक पडणार नाही.

लोणच्याच्या बरणीवर तिसरीच गोष्ट. तेल झिरपून कागद पारदर्शक झालेला, आणि गम लोण्यासारखा मऊ होऊन कडेने बाहेर आलेला. हॉटमेल्ट गम रबरावर आधारित असतो आणि तेल त्याला विरघळवतं. कुंद्याच्या डब्यावरची लेबलं फ्रीजमधल्या दवाने सुरकुतली होती.

दोष चार, कारणं चार. एकच ‘भारी’ स्टिकर घेऊन सगळीकडे लावण्याचा विचार इथेच सोडला.

१५ मे

पृष्ठभाग तपासले. डाइन पेन हे त्यासाठीचं साधं साधन. ठरावीक पृष्ठताणाची शाई ओढायची. रेघ दोन सेकंद सलग राहिली तर पृष्ठभागाची ऊर्जा त्या आकड्याइतकी किंवा जास्त, थेंबाथेंबांत तुटली तर कमी. पेट बरणीवर ४० ची रेघ सलग राहिली. पीपी डब्यावर आणि कॅनवर ३४ चीसुद्धा तुटली. पुस्तकी आकड्यांशी (डाइन प्रति सें.मी.) हे जुळतं: पेट साधारण ४३, पॉलिथिलीन ३१, पॉलिप्रॉपिलीन २९-३०. गमाला पृष्ठभागावर पसरावं लागतं आणि कमी ऊर्जेच्या प्लॅस्टिकवर तो पसरत नाही. कमळाच्या पानावर पाणी जसं गोळा होतं तसाच हा प्रकार.

काचेची ऊर्जा भरपूर असते, तरी नव्या बाटल्यांवर पाण्याचे थेंब गोळा होताना दिसले. बाटल्या एकमेकींना घासून चरे पडू नयेत म्हणून कारखान्यात त्यांच्यावर पॉलिथिलीन मेणासारखा अतिपातळ थर फवारतात, हे त्यामागचं कारण. तो नुसत्या पाण्याने जात नाही. कोमट साबणपाण्याने धुऊन परत थेंब टाकला, पसरला. पुरवठादाराला ‘लेबल लावायच्या बाटल्या’ असं आधीच सांगितलं तर थर बेताचा राखता येतो. पुढच्या ऑर्डरवर हे लिहायचं.

१९ मे

नमुने मागवले. प्रत्येकी अर्धा मीटर पुरे, पण मागताना फक्त वरच्या फिल्मचं नाव सांगून चालत नाही. वरची फिल्म, गम आणि पाठीचा रिलीज पेपर (सोलून टाकायचा कागद) हे तिन्ही लिहून घ्यायचे, नाहीतर दोन वेळा ‘पीपी व्हाइट’ म्हणून आलेले रोल दोन वेगळ्या गमांचे निघतात.

क. क्रोमो ८० जीएसएम, हॉटमेल्ट (सध्याचा, तुलनेसाठी).
ख. पांढरा बीओपीपी (दोन्ही दिशांना ताणलेली पॉलिप्रॉपिलीन फिल्म) ५० मायक्रॉन, पाण्यावर आधारित अ‍ॅक्रिलिक गम.
ग. पांढरा बीओपीपी ५० मायक्रॉन, जास्त पकडीचा अ‍ॅक्रिलिक गम.
घ. पांढरा पॉलिथिलीन ८५ मायक्रॉन, जास्त पकडीचा अ‍ॅक्रिलिक गम.
च. सिल्व्हर पॉलिस्टर ५० मायक्रॉन, अ‍ॅक्रिलिक.

‘च’ फक्त खात्रीसाठी. उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या यंत्रांच्या माहितीपट्ट्यांना पॉलिस्टरच लागतो, कारण तिथे कटिंग ऑइल, उष्णता आणि वर्षानुवर्षांचा वापर असतो. पण ही फिल्म ताठ असते. गोल बाटलीवर तिच्या कडा सरळ व्हायला बघतात.

पाचही नमुन्यांवर चार रंगांचे ठसे छापून गच्चीवर उन्हात ठेवले, दक्षिणेकडे तोंड करून.

२७ मे

सोलण्याची चाचणी पूर्ण. २५ मि.मी. रुंद पट्टी, तिच्यावरून रबरी रूळ दोनदा फिरवायचा, मग स्प्रिंग काट्याला अडकवून १८० अंशांत उलटी ओढायची. वेग सेकंदाला ५ मि.मी., म्हणजे मिनिटाला ३०० मि.मी. वाचन दोनदा: २० मिनिटांनी आणि २४ तासांनी. प्रयोगशाळेची अचूकता काट्यावर येत नाही, पण पाच नमुन्यांची आपसांत तुलना व्यवस्थित होते.

एचडीपीई कॅनवर ग्रॅममध्ये: ‘क’ ५२० आणि ५००. ‘ख’ २१० आणि ३००. ‘ग’ ४६० आणि ७२०. ‘घ’ ४९० आणि ७८०. काचेवर ‘ख’ ६८० वरून ११०० वर गेला, तिथे जास्त पकडीच्या गमाची गरजच नाही. पीपी डब्यावरचे आकडे कॅनच्या आसपास.

आकड्यांपेक्षा त्यांची चढण महत्त्वाची. हॉटमेल्ट लावता क्षणी घट्ट बसतो आणि तिथेच थांबतो, म्हणून हाताने ओढून बघणारा माणूस त्याच्यावर भुलतो. अ‍ॅक्रिलिक सुरुवातीला लटका वाटतो, पण पृष्ठभागाच्या बारीक खाचांत हळूहळू उतरत जातो आणि पूर्ण पकड यायला एक ते तीन दिवस घेतो. तेवढा वेळ त्याला द्यायचा असेल तर पॅकिंगचं वेळापत्रकच बदलावं लागेल.

‘ख’ कॅनवरून सुटताना खटके मारत सुटत होता: अडकतो, सुटतो, अडकतो. असा आवाज आला की सरासरी आकडा चांगला असला तरी तो गम तिथे वापरू नये. एखाद्या धक्क्यात सगळं लेबल निघून येतं.

३ जून

गच्चीवरचे नमुने उतरवले. किरमिजी आणि पिवळा रंग फिके पडले, काळा आणि निळा टिकले. क्रोमो पिवळटला, त्याचा गम कडेला करपट आणि ठिसूळ.

छापखान्यातला एक गैरसमज इथे नोंदवून ठेवायला हवा. ‘यूव्ही वार्निश’ म्हणजे उन्हापासून संरक्षण नव्हे. ते वार्निश यूव्ही दिव्याखाली सुकवतात म्हणून त्याचं ते नाव. घासण्यापासून आणि पाण्यापासून ते राखतं, ऊन अडवत नाही. उन्हात रंग टिकवायचा तर शाईच तशी मागावी लागते. लोणच्याच्या लेबलातला मोठा लाल पट्टा म्हणून कमी केला. परवाना क्रमांक, घटक आणि तारखा फक्त काळ्यात.

५ जून

मजकुराची जागा. कायद्याने माहिती इंग्रजीत किंवा देवनागरीतल्या हिंदीत हवी. त्याशिवाय इतर कुठलीही भाषा चालते. आपल्या भागात गिऱ्हाईक मराठी वाचतं आणि कन्नडही वाचतं, म्हणून तीन लिप्या एका लेबलावर. शिवाय १४ अंकी परवाना क्रमांक, निव्वळ वजन, सर्व करांसह किंमत, एककाची किंमत, उत्पादकाचा पत्ता, तक्रारीसाठी संपर्क, बॅच, तारखा, हिरवी खूण. मुख्य दर्शनी भाग १०० चौ. सें.मी.पर्यंत असेल तर त्या खुणेतल्या वर्तुळाचा व्यास किमान ३ मि.मी., १०० ते ५०० असेल तर ४ मि.मी.

कन्नडमधली खाली लागणारी जोडाक्षरं बारीक छपाईत गच्च भरतात. २०३ डीपीआयच्या प्रिंटरवर एका मिलिमीटरला ८ ठिपके; दीड मिलिमीटरच्या अक्षराला १२ मिळतात आणि त्यातले जेमतेम चार-पाच खालच्या अक्षराच्या वाट्याला. ठसा भरून जातो. देवनागरीतल्या ‘द्ध’, ‘ष्ट्र’ यांचंही तेच. कायमचा मजकूर छापखान्यात छापायचा. आपल्या प्रिंटरवर फक्त अंक आणि इंग्रजी तारखा.

बारकोड ईएएन-१३. पूर्ण आकार दोन्ही बाजूंच्या मोकळ्या जागेसकट ३७.२९ × २५.९३ मि.मी., ८० टक्क्यांपेक्षा लहान करायचा नाही. बाटलीवर रेघा शिडीच्या पायऱ्यांसारख्या आडव्या ठेवायच्या. उभ्या ठेवल्या तर टोकाच्या रेघा वळणावर जाऊन आकसतात आणि स्कॅनर वाचत नाही. लाल रेघा तर कधीच नकोत, स्कॅनरच्या लाल उजेडात त्या पांढऱ्याच दिसतात.

११ जून

पाऊस लागला. पॅकिंगच्या खोलीत २४ अंश, आर्द्रता ९० टक्के. अशा हवेचा दवबिंदू २२ अंशांच्या जवळ असतो. म्हणजे डबा खोलीपेक्षा फक्त दोन-अडीच अंशांनी थंड असला तरी त्यावर पाण्याचा पडदा येतो. डोळ्याला दिसत नाही, बोट फिरवलं की कळतो. शीतपेटीतून ६ अंशांवर बाहेर काढलेल्या कुंद्याच्या डब्यावर लेबल लावणं म्हणजे पाण्यावर लावणं.

आजवर नेमकं तेच होत होतं: कुंदा भरा, थंड करा, मग लेबल लावा. क्रम उलटा केला. रिकामे, कोरडे, खोलीच्या तापमानाचे डबे आदल्या दिवशी लेबल लावून ठेवायचे. २४ तासांनी भरायचे. बॅच आणि तारीख भरल्यावर छापायची. ‘ग’ लावलेले १२ डबे या क्रमाने आणि १२ जुन्या क्रमाने, दोन्ही संच शीतपेटीत.

१४ जून

तीन दिवसांनी: जुन्या क्रमातल्या १२ पैकी ७ डब्यांच्या कडा उचलल्या, नव्या क्रमातल्या एकाचीही नाही. फिल्म तीच, गम तोच. नवे १२ डबे चार तास बर्फाच्या पाण्यात बुडवून ठेवले, तरीही जागच्या जागी.

लेबलाचे काटकोनी कोपरे बदलून ३ मि.मी. त्रिज्येचे गोल केले. सुटायला सुरुवात कोपऱ्यातूनच होते. डायचा (लेबल कापणाऱ्या साच्याचा) खर्च एकदाच.

२० जून

तेल आणि हळद. लोणच्याच्या बरणीवर ‘क’, ‘ख’ आणि ‘ग’. शिवाय ‘ख’ चे दोन प्रकार, एक चकचकीत आवरणाचा, एक मॅट. शेंगतेलात बुडवलेल्या कापडाने ५० वेळा घासलं, मग लोणच्याचा खार लावून रात्रभर ठेवलं.

क्रोमो गेलाच. ‘ख’ पेट बरणीवर घट्ट राहिला. मॅट आवरण सुंदर दिसतं, हातालाही छान लागतं, पण त्याच्या खडबडीत पृष्ठभागात हळद बसते आणि पुसून जात नाही. चकचकीत आवरणावरून ओल्या फडक्याने निघाली. हळदीचा डाग उन्हात आपोआप फिका होतो, तेलाचा होत नाही. लोणच्याला चकचकीतच.

बरणीच्या झाकणातून तेल पाझरत असेल तर कुठलंही लेबल किती दिवस तग धरेल? आतल्या सीलची पकड वेगळी तपासायला घेतली.

२८ जून

कॅन. एचडीपीई साच्यातून निघाल्यावर एक-दोन दिवस बारीक आकसत राहतो. ताज्या कॅनवर ताठ फिल्म लावली तर खाली सुरकुत्या आणि बुडबुडे येतात, आणि दोष मात्र लेबलावर जातो. कॅन आल्यावर निदान दोन दिवस ठेवून मगच लेबल. कॅन दाबला की दबतो, म्हणून त्यावर बीओपीपीपेक्षा पॉलिथिलीनच बरा. तो कॅनबरोबर ताणतो आणि परत येतो. ‘घ’ निवडला.

पृष्ठभागाची ऊर्जा वाढावी म्हणून ज्योत फिरवलेले पाच कॅन कॅनवाल्याकडून मागवले होते. डाइन पेनची ४० ची रेघ सलग राहिली. साधा ‘ख’ सुद्धा त्यांच्यावर ६०० च्या वर गेला. पण हा परिणाम महिन्यांगणिक उतरतो आणि हाताळल्याने लवकर जातो. तळाला तारीख नसलेल्या कॅनच्या भरवशावर स्वस्त गम घेणं परवडणार नाही.

दुसरी अडचण मोठी आहे. कॅन हॉटेलांकडून धुऊन परत येतात. जुन्या लेबलावर नवं लावलं की तिसऱ्या खेपेला थर सोलून येतो, आणि जुनी बॅच खालून डोकावते. उपाय: कायमचा मजकूर (नाव, पत्ता, परवाना) ‘घ’ च्या कायम लेबलावर. बॅच, तारीख, वजन आणि किंमत २०० मायक्रॉनच्या सिंथेटिक कागदाच्या टॅगवर छापून मुठीला केबल टायने बांधायची. परत आलेल्या कॅनचा टॅग कापून रजिस्टरला लावला की कॅनच्या फेऱ्यांचा हिशेबही आपोआप राहतो.

७ जुलै

टेम्पो चाचणी: बेळगाव, जांबोटी, कणकुंबी, चोर्ला घाट, खाली गोव्यात आणि परत. कणकुंबीच्या पावसात ताडपत्रीखालचे खोके बाहेरून ओले झाले. लेबलं सुटली नाहीत, पण सहा बाटल्यांची छपाई पोटावर घासून गेली. खोक्यात पुठ्ठ्याच्या पडद्या होत्या, मात्र बाटलीच्या उंचीच्या निम्म्याच. पडदी लेबलाच्या वरच्या कडेपर्यंत हवी. दुसरा उपाय साहित्याचा: छपाईवर वार्निशऐवजी २० मायक्रॉनचं पातळ आवरण.

१८ जुलै

तारीख-बॅच छपाई. रबरी शिक्क्याची शाई फिल्मवर वाळत नाही, अंगठ्याने पुसली जाते. थेट उष्णतेने काळा होणारा कागद तेलाने आणि उन्हाने उडतो, इथे नकोच. रिबनच्या प्रिंटरवर तिन्ही रिबन पाहिल्या. मेणाची रिबन फिल्मवरून नखाने निघाली. मेण-रेझिनची पाण्याला टिकली, तेलकट फडक्याच्या विसाव्या घासण्याला उडू लागली. पूर्ण रेझिनची टिकली. तिला उष्णता जास्त लागते: वेग सेकंदाला ५० मि.मी.पर्यंत उतरवला आणि काळेपणा वाढवला, तेव्हा अंक भरीव आले. रिबन लेबलापेक्षा थोडी रुंद हवी, नाहीतर लेबलाची कड प्रिंटरच्या हेडला घासते. दर रिबनला हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचं.

छापखान्याला बजावायचं: तारखेच्या जागी ४० × १५ मि.मी. खिडकी, तिथे वार्निश नाही आणि आवरणही नाही. वार्निशवर रिबन पकडत नाही.

२ ऑगस्ट

काकवीच्या बाटलीचं गुंडाळं लेबल. बाटलीचा व्यास ६२ मि.मी., परीघ १९४.८. पहिल्या नमुन्याची लांबी २०१ ठेवली होती, म्हणजे ६ मि.मी. एकावर एक. आठ दिवसांत ती चढलेली कड सुटून झेंड्यासारखी उभी. बाकी लेबल काचेला पक्कं. कारण वार्निशमधलं सिलिकॉन: छपाईवर घसरण यावी म्हणून ते घालतात, आणि सिलिकॉनवर लेबलाचा साधा गम धरत नाही. रिलीज पेपर त्याच गुणावर चालतो.

दोन वाटा होत्या. चढणाऱ्या पट्टीवर वार्निश न मारणं, किंवा कडा एकमेकींवर न चढवणं. दुसरी घेतली: लांबी १८६, मागे साधारण ९ मि.मी. काच उघडी. त्या फटीतून काकवीचा रंग आणि पातळीही दिसते. लांबी ठरवण्याआधी कागदाची पट्टी बाटलीभोवती गुंडाळून टोकं जुळतात का पाहिलं. एक मिलिमीटरपेक्षा जास्त वर-खाली झाली तर बाटली निमुळती आहे, सरळ लेबल तिच्यावर सुरकुतणारच.

भरण्याचा क्रम: काकवी गरम भरली की बाटली ४० अंशांखाली येईपर्यंत थांबायचं, ओघळ कोमट पाण्याने धुवायचे, पंख्याखाली वाळवायचं, मग लेबल. गरम काचेवर लावलेल्या लेबलाखालची हवा फुगून बुडबुडे राहतात.

२५ ऑगस्ट

निवड पक्की.

काकवी बाटली: ‘ख’, पातळ आवरणासह. लोणचं: ‘ख’, चकचकीत आवरण. कुंदा: ‘ग’, भरण्याच्या आदल्या दिवशी. कॅन: ‘घ’ आणि टॅग. ‘च’ बाद.

एकच रोल चारही ठिकाणी लागला असता तर खरेदी सोपी झाली असती. ‘ग’ ने तेही जमलं असतं. पण काचेवर त्याचा जादा गम कामाला येत नाही आणि कडेने बाहेर येऊन धूळ धरतो.

ऑर्डरवर लिहिलेलं: फिल्मची जाडी, गमाचा प्रकार, ग्लासिन रिलीज पेपर, ७६ मि.मी. कोअर (रोलच्या मधली नळी), गुंडाळी छपाई बाहेर ठेवून, दोन लेबलांत ३ मि.मी. अंतर. काकवीच्या लेबलाला त्या हिशेबाने हजारी १८९ मीटर रोल लागतो. रोल आल्यावर पॉलिथिनच्या पिशवीत, आडवे न ठेवता कोअर उभा राहील असे, भिंतीपासून दूर. ओलाव्याने रिलीज पेपर वळतो आणि हाताने काढताना लेबल दुमडतं.

१३ सप्टेंबर

पहिला लॉट आला. कुंद्याच्या रोलवरून दहा मीटर सोडून तपासणी. डाय थोडी खोल गेली होती: लेबल काढलं की रिलीज पेपरवर शाईच्या फडक्याने डायची रेघ उमटते, म्हणजे कागद कापला गेला आहे. हाताने लावताना चालून जाईल, यंत्रावर ताण आला की तिथेच तुटेल. तो रोल परत, बाकी तीन स्वीकारले. ही शाईची तपासणी आता प्रत्येक रोलच्या सुरुवातीला आणि शेवटाला.

डिसेंबर-जानेवारीची चाचणी बाकी आहे. पहाटे पॅकिंगच्या शेडमध्ये पारा १३-१४ अंशांवर येतो, तेव्हा अ‍ॅक्रिलिकची पहिली पकड मंदावते, आणि पत्र्याखाली रात्रभर थंड झालेला कॅन त्याहून गार असतो. तोवर हंगामी नियम: कॅनची लेबलं सकाळी १० नंतर, कॅन आणि रोल दोन्ही आदल्या रात्री आतल्या खोलीत.